नवरा-बायको वेगळे झाले. आता लेकराला आजी, काका, मामा यांनी किती आणि कसं भेटावं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात नवरा-बायको वेगळे झाले की भांडण दोघांपुरतं राहत नाही. दोन्हीकडची भाऊकी उतरते, सोयरे येतात, आणि सगळ्यांच्या मधोमध लेकरू उभं असतं. कुणी शाळेच्या फाटकापाशी थांबतं, कुणी रात्री फोन करून 'तुझी माय कुठं गेली होती' असं विचारतं, तर कुठे एखादी आजी वर्ष वर्ष नातवाचं तोंड पाहत नाही. खालचे प्रश्न आया, बाप आणि आज्या पुन्हा पुन्हा विचारतात. जिथे कायदा आहे तिथे कायदा सांगितला आहे. जिथे माझं मत आहे तिथेही ते लपवलेलं नाही: नातं तोडण्याआधी त्रास नेमका कशाचा होतो ते शोधा, तेवढ्यापुरतीच बंदी मागा, आणि ती लिहून घ्या.

आजी-आजोबांना नातवंडाला भेटायचा कायदेशीर हक्क आहे का?

आजी-आजोबांना भेटीचा हक्क देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. पण १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली नातेवाइकांना कोर्टात अर्ज करता येतो, आणि मुलाच्या भल्याचं असेल तर कोर्ट त्यांना भेटीची मुभा देतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, आई वारलेल्या बाळाचा ताबा मावशी-मामांकडून वडिलांकडे दिला, पण आईकडच्या माणसांना भेटत राहण्याची सोय करून ठेवली. २०२२ मध्ये आईवडील दोघंही कोरोनात गेलेल्या मुलाचा ताबा त्याच न्यायालयाने मावशीऐवजी वडिलांच्या आईवडिलांकडे सोपवला. दोन्हीकडे बघितलं ते मुलाचं हित.

म्हणजे 'मी आजी आहे, माझा हक्क आहे' एवढ्यावर कोर्टात भागत नाही. आणि 'ती माझी सासू आहे, मला नको' एवढ्यावरही भागत नाही.

ताबा माझ्याकडे आहे. मग कुणी भेटायचं ते मीच ठरवणार ना?

मूल तुमच्याकडे असेल तेव्हा बहुतांशी हो. पण भेटीच्या हुकुमाप्रमाणे ते वडिलांकडे गेलं की तो वेळ वडिलांचा. त्या रविवारी तिथे आजी येईल, काका येईल, चुलतभावंडं येतील. हुकुमात वेगळं लिहिलेलं नसेल तर ते तुम्हाला थांबवता येत नाही. हेच वडिलांनाही लागू: आईच्या घरी मामा राहतो म्हणून मूल देणार नाही, असं म्हणता येत नाही.

एखाद्या ठरावीक माणसाला मुलापासून दूर ठेवायचं असेल तर तसं कारण सांगून कोर्टाकडून लिहून घ्यावं लागतं. दारातल्या दारात ठरवलेल्या अटी टिकत नाहीत आणि पुढे त्या तुमच्याच विरोधात दाखवल्या जातात.

सासू मुलीचे कान भरते. 'तुझी माय तुला टाकून गेली' म्हणते. भेट बंद करू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

एकदा-दोनदा रागाच्या भरात निघालेला टोमणा आणि दर भेटीत ठरवून चाललेलं विष कालवणं, यांत फरक करा. पहिल्या प्रकारात भेट बंद करणं म्हणजे मुलीचीच एक आजी कमी करणं. दुसऱ्या प्रकारात मात्र गप्प बसू नका. मूल दोन-तीन दिवस चिडचिड करतं, झोपेत दचकतं, मोठं असून अंथरूण ओलं करतं, 'मी तिकडचं काही सांगितलं तर तू रडशील का' असं विचारतं, या खुणा वहीत तारखेसह लिहून ठेवा. 'सासू वाईट आहे' हे लिहू नका. मूल काय बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा.

मग आधी मुलाच्या बापाला लेखी कळवा. व्हॉट्सअॅपवर चार ओळी पुरतात: 'रविवारी आल्यापासून ती विचारते आहे की मी तिला टाकून गेले होते का. हे तिच्यासमोर कुणी बोलू नये एवढं बघा.' शिवी नको, जुना हिशेब नको. हाच मेसेज उद्या न्यायाधीशांसमोर वाचला जाणार आहे असं समजून लिहा. फरक पडला नाही तर भेटीच्या अटी बदलून मागा: आजीची भेट वडिलांच्या समोरच व्हावी, मुलीसमोर दुसऱ्या पालकाबद्दल वाईट बोलू नये, किंवा काही काळ भेट कोर्टाच्या आवारात समुपदेशकाच्या देखरेखीखाली व्हावी.

मुलीला काय सांगायचं? 'आजी खोटं बोलते' म्हणालात की तिला आजी आणि तुम्ही यांतून निवड करावी लागते. 'मी तुला टाकलं नव्हतं. मोठ्यांचं भांडण झालं, त्यात तुझी काही चूक नाही. तुला जे ऐकू येतं ते मला कधीही विचार' एवढं सांगा. आणि ती सांगत असताना मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवू नका. मुलाकडून साक्ष वदवून घेतली आहे असं कोर्टाला लगेच कळतं, आणि मुलालाही कळतं.

भेटीच्या दिवशी तो स्वतः येतच नाही, भावाला पाठवतो. मूल द्यावं का?

हुकूम काढून वाचा. त्यात 'वडिलांना भेट' असं असेल तर काकाच्या हाती मूल देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. पण काका चांगला आहे, मूल त्याला ओळखतं, बाप पुण्यात कंपनीत आहे आणि शिफ्टमुळे अडकला, असं असेल तर दारातून परत पाठवून काय साधणार? कळवा की आज देते आहे, पण पुढच्या तारखेला हे लिहून घेऊ. उलट दर वेळी काकाच येतो आणि बाप महिनोन्महिने दिसत नाही, तर तेही कोर्टाच्या कानावर घाला. भेट मुलाला बाप मिळावा म्हणून दिलेली असते.

हुकुमात नेमकं काय लिहून घ्यावं?

'सोयीनुसार भेट' हे शब्द टाळा. त्यातून पुढची दहा भांडणं उगवतात. परस्पर संमतीने अटी ठरत असतील तर वकिलाला असं काही लिहायला सांगा:

'मुलगा दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या रविवारी सकाळी १० ते सायंकाळी ५ वडिलांकडे राहील. देवाणघेवाण बसस्थानकाच्या चौकशी खिडकीजवळ होईल. वडील किंवा मुलाची आजी, या दोघांपैकीच कुणीतरी मुलाला घेईल व परत आणून देईल. उशीर होणार असल्यास फोनवर कळवावे. वडिलांच्या घरी मुलाचे काका मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत असतील तेव्हा मुलाला तेथे ठेवू नये. दर बुधवारी सायंकाळी ७ ते ७.२० आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल होईल.'

माणूस, दिवस, वेळ, जागा सगळं नाव घेऊन. बसस्थानक यासाठी की तिथे वर्दळ असते, पोलीस जवळ असतात, आणि कुणाच्याच दारात कुणाला जावं लागत नाही. आपल्या भागात बरीच भांडणं मूल देता-घेताना अंगणातच पेटतात.

पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर फारकत झाली, मुलाचा ताबाही त्यातच लिहिला. चालतं का?

नाही. नोटरीसमोर केलेला बाँड म्हणजे घटस्फोट नव्हे. जातीत रूढीने फारकत चालत आली आहे हे कोर्टात सिद्ध झालं तरच तिला मान्यता मिळते, आणि ते सिद्ध करणं सोपं नसतं. मुलाच्या बाबतीत तर 'आयुष्यभर आईकडच्या कुणालाही भेटू देणार नाही' असं पंचांनी लिहून घेतलं तरी कोर्ट त्याला बांधील नाही. दोघांचं खरोखर जमलं असेल तर त्याच अटी कोर्टात दाखल करून त्यावर हुकूम घ्या.

आम्ही दोघं उचल घेऊन ऊसतोडीला जायचो, मूल बीडला सासूजवळ राहायचं. आता वेगळे झालो, सासू मूल देत नाही.

बीड, जालना, परभणी या पट्ट्यात हे फार आहे. दसरा-दिवाळीला कोयता घेऊन जोडपं कारखान्यावर जातं, मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, आणि वेगळं झाल्यावर आजी म्हणते, 'मीच वाढवलं, ते माझंच'. तिने वाढवलं हे खरं आहे आणि कोर्ट तेही लक्षात घेतं. पण १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालक आईवडील, आणि पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे. तुम्ही कामासाठी बाहेर होतात याचा अर्थ मूल सोडून दिलं असा होत नाही. मूल जिथे नेहमी राहतं त्या जिल्ह्याच्या कोर्टात ताब्याचा अर्ज करा.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच की ताबा मिळाल्यावर त्या आजीचं दार बंद करू नका. ज्या बाईच्या कुशीत मूल चार हंगाम झोपलं ती एका दिवसात गायब झाली तर त्याला तो आईचाच गुन्हा वाटतो. पहिले काही महिने तिला जास्त भेटू द्या.

शाळेला काय सांगायचं?

मुख्याध्यापकांना अर्ज द्या, सोबत हुकुमाची प्रत जोडा, आणि मूल कुणाकुणाच्या हाती सोडायचं त्यांची नावं, फोटो, मोबाइल क्रमांक द्या. पोच घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी सगळ्या गावाला ओळखतात, काका मागायला आला की सहज सोडतात, त्यामुळे लेखी देणं इथे जास्त गरजेचं. रिक्षावाल्या काकांनाही सांगा.

'शाळा सोडल्याचा दाखला आईवडिलांपैकी ज्याच्याकडे ताबा आहे त्याच्या सहीशिवाय देऊ नये' ही ओळ अर्जात जरूर टाका. मूल पळवायचं ठरवलेले नातेवाईक आधी दाखला काढतात. आणि तुमचाच दाखला कुणी अडवला असेल तर घाबरू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला नाही म्हणून दुसरी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

आत्या रोज व्हिडिओ कॉल करते, मुलीचे फोटो स्टेटसला ठेवते.

कॉलला वार आणि वेळ ठरवून द्या. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉलवरून होणारा संपर्क हाही भेटीच्या व्यवस्थेचा भाग मानला आहे, त्यामुळे पूर्ण बंद करण्याची भाषा टिकणार नाही. कॉल चालू असताना दाराआड उभं राहून ऐकू नका. फोटोंबद्दल सरळ सांगा: 'आईला सोडून मजेत' असल्या ओळींसह मुलीचा फोटो नको. ऐकलं नाही तर स्क्रीनशॉट ठेवा आणि पुढच्या तारखेला दाखवा.

सण, जत्रा, कुलदैवत, लग्नकार्य?

मुलं वाटून घेतलेल्या सुट्ट्यांपेक्षा सणच जास्त लक्षात ठेवतात. दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, हे कोर्टात सहसा लिहिलं जातं. पण लातूर-धाराशिवकडची येळवस (वेळ अमावस्या) कुणी लिहीत नाही. आख्खं गाव शेतात, आंबील, भज्जी, चुलतभावंडांची पंगत, आणि तुमचं मूल शहरातल्या खोलीत बसलेलं. त्या दिवशी शाळेला रजा टाकून पाठवा. तुळजापूरला नेणं, जावळ, बहिणीने भावाला राखी बांधणं, हेही नाव घेऊन लिहा. जावळाला मामाच्या मांडीवर बसवायचं की नाही यावरून मिटत आलेला समझोता मोडू नका.

आजोबा वारले आणि मुलाला न्यायला आले, तर पाठवा. दहाव्यालाही पाठवा. त्या दिवसासाठी हुकूम शोधत बसू नका. मुलाला विचारा, सोबत विश्वासाचं माणूस द्या, परत येण्याची वेळ ठरवा.

एखादा नातेवाईक मुलाला मारतो, किंवा अंगचटीला जातो असा संशय आहे.

इथे वरचं सगळं समजुतीचं बोलणं संपतं. मूल त्या घरी पाठवणं ताबडतोब थांबवा आणि त्याच दिवशी पोलिसांना (११२) किंवा चाइल्ड हेल्पलाइनला (१०९८) कळवा. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली माहिती असणाऱ्याने कळवणं बंधनकारक आहे. भाऊकीची बैठक बसवून 'घरातलं घरात' मिटवू नका; त्यातून त्या माणसाला मूल पुन्हा मिळतं, एवढंच होतं. मुलाला खोदून खोदून विचारू नका, त्या माणसासमोर उभं करू नका. त्याचा जबाब घेण्याची पद्धत कायद्यात ठरलेली आहे: ते राहतं तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यासमोर आणि गणवेश न घालता.

भेट का थांबवली याची माहिती वकिलामार्फत कोर्टाला लगेच द्या, नाहीतर हुकूम मोडल्याचा ठपका तुमच्यावर येतो.

घरात तुमच्यावरच हिंसा होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेट मुलाला घातक वाटली तर ती नाकारू शकतात. सासू, नणंद अशा बायकांविरुद्धही हा अर्ज करता येतो. तुम्ही माहेरी आला असाल तर माहेरच्या तालुक्यातही तो चालतो.

पण ताबा जिंकण्यासाठी खोटी पॉक्सो करू नका. तपासात मुलाला नको ते प्रश्न झेलावे लागतात, आणि ज्यांच्यावर खरंच बेतलंय त्यांच्यावरचा विश्वास उडतो.

काका दिवाळीला म्हणून घेऊन गेला आणि परत आणतच नाही.

कोर्टाचा हुकूम असेल तर त्याची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि त्याच कोर्टात तातडीचा अर्ज टाका. कायदेशीर पालकाच्या संमतीशिवाय मूल नेणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ प्रमाणे अपहरण ठरू शकतं. काका-आत्याला 'घरचंच मूल आहे' ही ढाल आपोआप मिळत नाही. बापानेच नेलं असेल आणि हुकूम नसेल, तर मात्र पोलीस सहसा 'हे दिवाणी प्रकरण' म्हणतात, कारण बाप स्वतःच नैसर्गिक पालक. म्हणून वेगळं झाल्यावर लवकरात लवकर तात्पुरता हुकूम घ्या. मूल बेकायदा अडवून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पसची, म्हणजे अडवलेल्या मुलाला कोर्टासमोर हजर करा अशी, याचिका करता येते. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात.

मुलगी पंधरा वर्षांची आहे, बापाकडच्या गावी आहे. चुलते तिचं लग्न ठरवताहेत असं कळलं.

थांबू नका. १०९८ ला फोन करा. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला लेखी कळवा. २००६ च्या कायद्याखाली न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाई हुकूम देऊ शकतात, आणि मनाई असताना लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. कायदेशीर पालकाच्या ताब्यातून फूस लावून नेऊन लावलेलं लग्नही तसंच. हळद लागली असली तरी उशीर झालेला नसतो.

मूलच आजीकडे जायला नको म्हणतं.

का, ते शोधा. कधी कारण एवढंच असतं की तिथे वाय-फाय नाही आणि संडास लांब आहे. कधी तुमचा चेहरा बघून ते नाही म्हणतं. आणि कधी खरंच भीती असते. ओढत नेऊ नका, आणि पहिल्या 'नको'लाच हो म्हणू नका. मूल समजत्या वयाचं असेल तर कोर्ट त्याचं म्हणणं ऐकतं, बहुधा न्यायाधीश आपल्या दालनात एकट्याने बोलतात. त्या दिवसासाठी त्याला पढवू नका.

पोटगी येत नाही. तोवर त्याच्या आईला नातू दाखवणार नाही.

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करा. भेट अडवली तर तुमचीच बाजू कमजोर होते, आणि दंड भरतो तो नातू.

नवरा वारला. सासरचे म्हणतात, मूल आमच्याकडे ठेव नाहीतर जमिनीत वाटा नाही.

शेतकरी आत्महत्येनंतर माहेरी आलेल्या कितीतरी बायकांना हे ऐकावं लागतं. मुलाचा वारसाहक्क ते कुठे राहतं यावर अवलंबून नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा, फेरफार झाला का ते बघा, आणि सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे 'अपाक' (अज्ञान मुलाचा पालक) म्हणून कुणाचं नाव लागलंय ते डोळ्यांनी वाचा. तिथे चुलत्याचं नाव लागलं असेल तर लगेच हरकत घ्या. मुलाच्या नावची जमीन नैसर्गिक पालकालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. जमिनीचा वाद चालू असतानाही मुलाला आजीला भेटू द्या, पण सहीसाठी कुठलाही कागद घेऊन त्याच्यासमोर कुणी बसू नये, हे स्पष्ट सांगा.

आमचं मुस्लिम कुटुंब आहे. आमच्या नात्यातल्या एका बौद्ध कुटुंबाचाही असाच प्रश्न आहे. कायदा वेगळा का?

बौद्धांना हिंदू कायदेच लागू होतात. मुस्लिमांमध्ये हनफी पद्धतीत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे, असं सांगितलं आहे, आणि आईनंतर नानीचा क्रम लागतो. पण पालक व पाल्य कायदा सर्वांना लागू आहे, आणि तिथेही शेवटी मुलाचं हित बघितलं जातं.

मी आजी आहे. सुनेने नातवाचं तोंडही बघू दिलेलं नाही दीड वर्षात. मी काय करू?

मावशी, आधी कोर्ट नको. सुनेला ती ऐकेल अशा एखाद्या बाईमार्फत निरोप द्या, आणि निरोपात तुमच्या लेकाच्या खटल्याचा एक शब्दही नको. 'महिन्यातून एकदा, तू सांगशील तिथे, तासभर, तू समोर बस' एवढंच मागा. भेट मिळाली तर नातवाला बापाबद्दल, आईबद्दल काही विचारू नका. त्याच्या शाळेचं विचारा, काहीतरी करून न्या. पैसे किंवा मोबाइल हातात देऊ नका, सुनेला ते लाच वाटतं. दोन-तीन भेटी नीट झाल्या की वेळ आपोआप वाढतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. तरीही दार उघडलं नाही, तर तुमच्या लेकाच्या चालू प्रकरणातच त्याच्या भेटीच्या वेळी तुम्हीही असाव्यात अशी मागणी करा. स्वतंत्र अर्ज हा त्यानंतरचा रस्ता.

अर्ज कुठे करायचा, खर्च किती, काय कागद न्यायचे?

छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे, तिथे समुपदेशकही असतात. जिथे ते नाही तिथे जिल्हा न्यायालय. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबाबत अर्ज करता येतो. बायकांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो: जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरण, किंवा १५१०० वर फोन. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते.

मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, जुना हुकूम असेल तर त्याची प्रत, तारखा लिहिलेली वही आणि मेसेजच्या छापील प्रती घेऊन जा. सोबत एकच माणूस न्या. दहा माणसं घेऊन गेलात की वकिलाला तुमचं म्हणणं ऐकूच येत नाही.